वर्तमान आणि शुभवर्तमान

२०२५ सालच्या मे महिन्याची आठ तारीख गोव्यातील पुष्कळ घरांना अजून आठवत असेल. आदल्या दिवशी पहाटे भारतीय सेनादलांनी सरहद्दीपलीकडील दहशतवादी तळांवर प्रहार केले होते, आणि त्या रात्री वृत्तवाहिन्यांनी जो हलकल्लोळ माजविला त्यास अलीकडच्या काळात तोड नाही. कराची बंदर बेचिराख झाल्याचे निवेदक छातीठोकपणे सांगत होते. माणसे पडद्यासमोर खिळून बसली होती. उजाडले तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होते; झोप मात्र साऱ्यांचीच उडाली होती. वृत्तपत्राच्या कचेरीत बसून आम्ही इतरांस नावे ठेवावीत यात शोभा नाही. आमच्याकडेही त्या रात्री पहिले पान दोनदा मोडून पुन्हा लावावे लागले, आणि जो मथळा छापला गेला असता तर आज मान खाली घालावी लागली असती, तो एका वयस्क सहकाऱ्याच्या हट्टामुळेच काय तो अडला.

त्याच रात्री, आपल्याकडे साडेनऊ वाजून गेल्यावर, रोममधील सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि नवे पोप निवडले गेल्याचे जगास कळले. आत १३३ कार्डिनल होते. त्यांत गोवा-दमणचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव हेही होते. पोप निवडण्याची ही सभा भरते तेव्हा वर्तमानपत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी, पत्र, दूरध्वनी या साऱ्यांपासून सभासदांस तोडले जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली घालून दिलेल्या नियमांतच तसे बंधन आहे. या वेळी भ्रमणध्वनी आधीच काढून घेतले होते. ज्या लॅटिन शब्दावरून या सभेला नाव मिळाले त्याचा अर्थच मुळी किल्लीने बंद केलेली जागा असा आहे. म्हणजे ज्या दोन दिवसांत गोव्यातील कळप वाहिन्यांपुढे तळमळत होता, त्याच दोन दिवसांत त्याचा मेंढपाळ बातमीचे वारेही न लागणाऱ्या एका चित्रांकित छताखाली बसला होता. तेथे त्यांच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हा योगायोग आम्हांस त्या रात्रीपासून सोडीत नाही.

सामान्य ख्रिस्ती माणसाजवळ अशी कुलूपबंद खोली नसते. त्याच्या खिशात बातम्यांचे ते यंत्र दिवसरात्र थरथरत असते. उशाशी तेच, जेवणाच्या पाटाशेजारी तेच. आणि चर्चमध्ये गेल्यावर त्यास शांतीचे वचन ऐकू येते. या दोहोंचा मेळ त्याने कसा घालावा?

हा प्रश्न आपल्या शेजाऱ्याचा आहे, आपला नव्हे, असे आमच्या हिंदू वाचकांपैकी कोणी म्हणतील तर तेही फारसे खरे नाही. दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लावून आत आलेला हात प्रथम कशाकडे जातो हे ज्याचे त्याला ठाऊक. तरीही शेजाऱ्याच्या अंगणातून पाहिले तर हा प्रश्न अधिक टोकदार दिसतो, म्हणून आज त्याच अंगणात जरा वेळ बसू.

आम्ही जो कागद छापतो त्यास मराठीत वर्तमानपत्र म्हणतात. येशूच्या जीवनाची जी चार चरित्रे बायबलात आहेत त्यांस मराठी ख्रिस्ती शुभवर्तमान म्हणतात. वसई-मुंबईकडे त्यालाच सुवार्ता असेही नाव आहे. ज्या धर्माच्या मुळाशीच एक वर्तमान आहे, एका देवदूताने एका खेड्यातील कुमारिकेस आणलेली वार्ता आहे, त्या धर्माच्या माणसाने बातमीकडे पाठ फिरवावी तरी कशी? जग मिथ्या आहे असे म्हणून मोकळे होण्याची सोय त्याच्या श्रद्धेने त्यास ठेवलेली नाही. त्यास शेजाऱ्यावर प्रेम करायचे आहे. आणि शेजारी कोण, असे विचारले असता येशूने जी गोष्ट सांगितली ती आता ख्रिस्तीतरांसही पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस पडला होता. एक याजक आला, त्याने पाहिले आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग एक लेवी आला. त्याने पाहिले आणि तोही गेला. थांबला तो परका शोमरोनी.

या गोष्टीत एक बारकावा आहे. याजक आणि लेवी यांच्यावर अज्ञानाचा ठपका नाही. त्यांना बातमी होती. त्यांनी पाहिले होते. पाहून ते पुढे गेले, एवढीच त्यांची कथा. आज आपल्यापैकी प्रत्येक जण सकाळच्या चहाबरोबर असे पन्नास जखमी पाहतो आणि बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढे जातो. गाझातील मूल, युक्रेनमधील पडके घर, कोठे पूल कोसळलेला, कोठे बस दरीत गेलेली. पाहिले, हळहळलो, पुढे गेलो. मन अशांत होते ते बातम्या फार झाल्यामुळे, असा सर्वांचा समज आहे. आम्हांस वाटते, ते अशांत होते याचे कारण आपण दिवसभर त्या याजकाची भूमिका वठवीत असतो आणि आत कोठेतरी ते आपल्याला कळत असते.

आमच्या परिचयाचे सासष्टीतील एक निवृत्त शिक्षक आहेत. गणित शिकवीत. मराठी वर्तमानपत्र घेणारे ख्रिस्ती गृहस्थ आता गोव्यात मोजकेच उरले, त्यांपैकी ते एक. दरवर्षी राखेच्या बुधवारी चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की त्यांच्या घरी मांस-मासळी बंद होते. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी त्यात आमचीही भर घातली. पेपरवाल्याला सांगून त्यांनी पेपर ईस्टरपर्यंत बंद केला, दूरचित्रवाणीवर चादर टाकली, आणि आम्हांस तसे पत्राने कळविलेही. खपाच्या दृष्टीने या व्रताचा प्रसार होऊ नये अशीच आमची त्या वेळी प्रार्थना होती. पुढे पाहिले तर पोप फ्रान्सिस यांनीही २०२० सालच्या राखेच्या बुधवारी लोकांस जवळजवळ हेच सांगितले होते: दूरचित्रवाणी मिटा आणि बायबल उघडा, भ्रमणध्वनी तोडा आणि शुभवर्तमानाशी जोडून घ्या, अशा आशयाचे. सर म्हणाले, मी काही नवे केलेले नाही.

२०२४ साली मात्र या व्रताची परीक्षा झाली. सरांचा मुलगा बोटीवर आहे. गोव्यातील ख्रिस्ती घर आणि बोट हे नाते नव्याने सांगावयास नको. किती घरांच्या भिंती त्या पैशावर उभ्या आहेत आणि किती आयांच्या रात्री त्या पाण्यावर गेल्या आहेत! २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात व्यापारी जहाजांवर हल्ले चालविले होते. २०२४ च्या जानेवारीत बावीस भारतीय खलाशी असलेले मार्लिन लुआंडा हे तेलवाहू जहाज पेटले आणि आपल्या आरमाराची विशाखापट्टणम ही नौका धावून गेली. फेब्रुवारीच्या चौदा तारखेस उपवासकाळ सुरू झाला. मार्चच्या सहा तारखेस ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन माणसे ठार झाली. उरलेल्यांना आपल्या कोलकाता या युद्धनौकेने वाचविले. जहाजावर एक भारतीय आहे एवढेच आधी कळले, आणि त्या एका शब्दाने किनाऱ्यावरील किती घरांत चूल पेटली नसेल ते देव जाणे.

सरांच्या मुलाची बोट सुएझकडेच निघालेली होती. ती वळली की नाही, याचा पत्ता नव्हता. सरांनी व्रत मोडले. चादर काढून ते रात्री नऊपासून दोनपर्यंत बसले. नंतर आम्हांस ते सांगत होते, ‘‘मी मोजीत होतो. जुनी सवय. तीन वाक्ये होती. तीच तीन वाक्ये चाळीस वेळा झाली. नऊ वाजता मला जेवढे ठाऊक होते तेवढेच दोन वाजता ठाऊक होते. फक्त माझे हात थरथरत होते.’’ बाई शेजारच्या खोलीत तेर्स म्हणत होत्या. सरांना आत जाववेना आणि उठून पडदाही मिटवेना.

मुलाचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. कंपनीने जहाज वळविले होते; ते केप ऑफ गुड होपला वळसा घालून चालले होते. पण सरांनी आम्हांस जे सांगितले ते याविषयी नव्हते. निरोप येण्याच्या आदल्या संध्याकाळी ते फादरांकडे गेले आणि रविवारच्या मिस्सात त्या तीन मेलेल्या खलाशांसाठी प्रार्थना घालावी, अशी त्यांनी विनंती केली. मिस्साविधीत भाविकांच्या प्रार्थनांना जी जागा असते ती मधल्या काही शतकांत बव्हंशी लोपली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ती पुन्हा मिळवून दिली. आजारी, प्रवासी, राज्यकर्ते, मृत या सर्वांसाठी तेथे मोठ्याने मागणे मागावयाचे असते. त्या रविवारी सासष्टीतील एका खेड्यात अनोळखी देशांतील तीन माणसांसाठी लोक उभे राहिले. ‘‘मुलगा सुखरूप असल्याचे तोवर कळले होते,’’ सर म्हणाले, ‘‘तरी माझे हात थांबले ते त्या दिवशी.’’

केपचा वळसा म्हटला की गोमंतकीय माणसास आणखी एक प्रवास आठवतो. फ्रान्सिस झेवियर १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले ते त्याच वाटेने, आणि गोव्यास पोचले १५४२ च्या मे महिन्यात. तेरा महिने. पुढे दहा वर्षे ते मलबार, मलाक्का, मोलुकास, जपान असे फिरत राहिले आणि युरोपातील सोबत्यांची वार्ता त्यांना वर्षावर्षाने मिळे, तीही जुनी झालेली. १५४६ साली आंबोन बेटावरून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून घेऊन त्या आपण अंगावर बाळगीत असतो. पत्रातील मजकूर वाचून झालेला, कदाचित खोटाही ठरलेला. नावे तेवढी जवळ ठेवली. आणखी एक पत्र तर फारच विलक्षण आहे. इग्नेशियस लोयोला यांनी १५५३ च्या जूनमध्ये रोमहून झेवियरना परत बोलाविले. चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झेवियर वारले त्यास तेव्हा जवळजवळ सात महिने होऊन गेले होते.

जुन्या काळी बातम्या सावकाश येत म्हणून माणसे शांत आणि शहाणी होती, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. ज्या आंबोनहून सह्यांचे ते पत्र गेले, तेथूनच आणि त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन स्थापावे अशी पोर्तुगालच्या राजास विनंती करणारे पत्रही गेले. त्या पत्राचे पुढे जे झाले त्याची स्मृती आमच्या वाचकांच्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. एकांत आणि मौन यांच्या अंगी विवेक आपोआप येत नाही. दूरच्या बेटावर बसून समुद्राकडे पाहणाऱ्याचीही चूक होते, आणि तिला शतके भोगावी लागतात.

उलट अंगाने, वृत्तवाहिन्यांचा शोध लागण्यापूर्वी माणसाचे चित्त स्थिर होते, हेही खरे नव्हे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी होऊन गेला. माध्यान्हीला मठवाशांस छळणाऱ्या एका पिशाच्चाचे वर्णन त्याने केले आहे. ते लागले म्हणजे तपस्व्याला दिवस पन्नास तासांचा वाटतो. तो उठून पुनःपुन्हा खिडकीशी जातो, सूर्य किती सरकला ते बघतो, कोणी भेटायला येते आहे का म्हणून इकडे तिकडे डोकावतो. खिडकीच्या जागी आपल्या तळहातातील काच ठेवा; वर्णनात दुसरा शब्द बदलावा लागत नाही. त्यावर त्या तपस्व्यांचा उपाय फार साधा होता. झोपडीतून उठायचे नाही, हातातले काम सोडायचे नाही, आणि प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा चुकवायच्या नाहीत.

ठरलेल्या वेळा, हीच यातली खरी गोम आहे. मठांतून दिवसाचे प्रहर पाडून स्तोत्रे म्हणण्याची जी रीत पडली तिने दिवसाला कणा दिला. बातमीला असा कणा पूर्वी होता. आकाशवाणीच्या बातम्या ठरल्या वेळी लागत आणि संपत. वर्तमानपत्र सकाळी येई आणि दुपारी त्यात भजी बांधली जात. आता बातमीला सकाळ नाही आणि शेवटही नाही. जिला शेवट नाही तिच्यावर प्रार्थना कोठे करावी, कृती कोठे करावी?

डिट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाद्र्याची कथा या संदर्भात आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण ख्रिस्ती शांती म्हणजे कानांवर हात ठेवणे नव्हे हे तीत लख्ख दिसते. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असलेल्या वर्तुळाशी त्यांचा संबंध होता. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांना पकडून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले. शहरावर बाँब पडत होते. अशा स्थितीत ते रोज स्तोत्रसंहिता वाचीत, आणि बाहेरची बित्तंबातमीही शक्य तितकी राखीत. १९४४ च्या २० जुलैला हिटलरला मारण्याचा प्रयत्न फसला. ही बातमी म्हणजे आपला मृत्यू आज ना उद्या ठरलाच, हे त्यांना कळत होते. दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला, त्यांनी आपल्या मित्रास एक पत्र लिहिले. त्यात आक्रोश नाही, तर्ककुतर्क नाहीत. या जगाच्या कर्तव्यांत, प्रश्नांत, यशापयशांत पूर्णपणे बुडूनच माणूस विश्वास ठेवायला शिकतो, असा त्या पत्राचा आशय आहे. १९४५ च्या ९ एप्रिलला त्यांना फाशी झाली. ज्याला सर्वात वाईट बातमी ठाऊक होती त्याचे हे पत्र आहे. तिच्यापासून पळणाऱ्याचे नव्हे.

आपल्या बाजूला पाहावयाचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घेता येईल. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे ते पुष्कळ वर्षे संपादक होते. म्हणजे आमच्याच जातीचे, रात्र रात्र मजकूर तपासणारे. वसईची हिरवी शेते आणि विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले. आणि हेच गृहस्थ एकीकडे संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणीत होते. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांना शांती मिळाली होती की नाही हे आम्ही कसे सांगणार? पण वसईच्या पाण्याची बातमी त्यांनी वाचली आणि ते वाटेवर थांबले, एवढे सर्वांनी पाहिले.

यात आम्हां पत्रकारांचा वाटा कोणता? नवे पोप लिओ चौदावे यांनी निवडीनंतर चारच दिवसांनी, १२ मे २०२५ रोजी, रोममध्ये जमलेल्या पत्रकारांस भेट दिली आणि शब्दांतील शस्त्रे काढून टाका, असे त्यांस सांगितले. नुकत्याच झालेल्या त्या कराचीच्या रात्रीनंतर ते शब्द आमच्या संपादकीय विभागात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविले. कोणी काही बोलले नाही. अंक वेळेवर निघाला.

सर आता उपवासकाळातही पेपर बंद करीत नाहीत. २०२४ नंतर त्यांनी व्रताचे कलमच बदलले. दूरचित्रवाणीवरील चादर बारमाही झाली आहे. पेपर सकाळी येतो तो तसाच घडी घातलेला पडून राहतो. तिन्हीसांजेला चर्चची एंजेलसची घंटा झाली, देवदूताच्या त्या वार्तेची प्रार्थना म्हणून झाली, की मग ते व्हरांड्यात बसून तो उघडतात. अर्धा तास. त्यातील एक बातमी निवडावयाची आणि रात्रीच्या तेर्सात तिला जागा द्यावयाची. एकच का, असे आम्ही विचारले होते. त्यावर ते म्हणाले, ‘‘शोमरोन्यापाशी गाढव एकच होते.’’

त्यांची एक तक्रार मात्र आमच्या माथी कायमची बसली आहे. तुम्ही पुढाऱ्यांची नावे प्रत्येक ओळीत देता आणि मेलेल्यांची देत नाही, असे ते म्हणतात. प्रार्थनेला नाव लागते. ‘एक कामगार’ असे म्हणून कोणासाठी गुडघे टेकणार? मध्यंतरी एका बांधकामाच्या परातीवरून पडून परप्रांतीय मजूर दगावल्याची चार ओळींची बातमी आम्ही आतल्या पानात दिली होती. त्यात गाव होते, तालुका होता, पोलीस ठाणे होते. माणसाचे नाव नव्हते. सायंकाळी सात वाजता सरांचा दूरध्वनी आला. आमचा वार्ताहर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे गेला आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमधून विचारीत हिंडला. नाव तिसऱ्या दिवशीच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापले आहे.